बाकड्याखालचा शाफ्ट

नारू गेल्याची बातमी आमच्या पाववाल्या पोदेराने आणली. तो गेला असं काही पोदेर म्हणाला नाही. पावाची सायकल फाटकाला टेकवून म्हणाला, "माये, तुज्या भावाची जीप सकयल चडणीर रुतल्या. तो चाकाक टेकून बसला, पूण हाक मारल्यार उलयना." मी खाली उतरून गेले… मागच्या चाकांखाली त्याने चिऱ्याचे तुकडे सारले होते, हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले. सीटवर नट खोलायचे पाने आणि ग्रीसचा डबा होता. तो कशाला आला होता ते मला तिथेच कळलं, आणि तेव्हा आलेला राग अजून उतरलेला नाही.

नारू माझा धाकटा भाऊ. डिचोलीकडे पाळी गावात राहायचा, खाणीवर माणसांची ने-आण करायचा. गोवा राज्य झालं त्या सुमाराला त्याने लिलावात ही जुनी जीप घेतली, चारही चाकांना जोर असलेली. चढणीला पक्की, पण डिझेल पाण्यासारखं प्यायची. नारू दोन दिवस तिच्याखाली पडून राहिला आणि शोध लावल्यासारखा माझ्याकडे आला. पुढच्या चाकांकडे जाणारा लोखंडी शाफ्ट जोर नको असला तरी फुकट फिरत राहतो आणि डिझेल खातो. तो काढून ठेवला की गाडी मागच्या दोन चाकांवर हलकी पळते. सुक्या दिवसांत हरकत नाही, मात्र पावसाआधी परत बसवायलाच हवा. खरंच एका टाकीत त्याची पणजीची एक खेप जास्त व्हायला लागली.

काढलेला शाफ्ट पाळीला ठेवता येईना. तिथली लाल धूळ ग्रीसवर बसली की सांधे खाते. म्हणून तो पेडण्याला माझ्या ओसरीवर, बाकड्याखाली गोणपाटात. दसऱ्याला जीपची पूजा माझ्या दारात व्हायची, झेंडूची माळ घालून झाली की नारू शाफ्ट काढायचा आणि त्यालाही कुंकू लावायचा. मिरगाच्या पावसाआधी येऊन परत बसवायचा. लोक म्हणायचे, बहिणीला भेटायचं निमित्त. निमित्त कसलं, तो शाफ्टसाठी यायचा, जेवायला मी वाढायचे म्हणून जेवायचा.

"बाये, पुसलंस मगे शाफ्ट?" नारू आल्या आल्या विचारायचा.

"तुजी बायल घरात बसान काय करता? तिका पुसूक सांग."

"ती म्हणता, ही लोखंडाची सवत नणंदेकडे दिल्या, तीच सांभाळूंदे."

पाळी-सुर्ल्याच्या जीपवाल्यांनी त्याचं बघून आपापले शाफ्ट काढले आणि सरळ भंगारात घातले. नारू त्यांच्यावर भडकायचा. "अर्धी अक्कल चोरलास," म्हणायचा, "उरलेली अर्धी मिरगाक लागतली, तेव्हा खंय जातलास?"

यंदा मिरग आला, नारू आला नाही. मी निरोप धाडला. त्याचा मुलगा प्रसाद त्याला सांगत होता, "बाबा, आता सगळीकडे डांबर झालां. चिखल उरलो खंय?" जन्मभर ज्याने कोणाचं ऐकलं नाही, बापाचं नाही, माझं नाही, त्याने ऐकलं ते एवढ्या एका गोष्टीत. चिखल उरला होता माझ्या दारात. पाऊस चांगला लागल्यावर त्याला राहवलं नाही, शाफ्ट न्यायला निघाला, आणि शाफ्ट नाही म्हणून माझ्याच चढणीवर रुतला. त्या वयात एकट्याने दगड ओढले. काळीज थांबलं.

समाचाराला आलेल्यांपैकी एकजण मागीलदारी हळूच म्हणाला, "डिझेल वाचवता वाचवता गेलो." मी त्याच्या हातातली चहाची कपबशी काढून घेतली. युक्तीत काही खोट नव्हती. इतकी वर्षं तिने त्याचं घर चालवलं. नडला तो उशीर… आणि असा उशीर नारूने आधी कधी केला नव्हता, म्हणूनच त्याला माफ करायला माझं मन होत नाही.

बाराव्यानंतर प्रसाद जीप ओढून न्यायला क्रेन घेऊन आला. मी म्हटलं, क्रेन परत धाड. शाफ्ट गोणपाटातून काढून त्याच्यासमोर टाकला. तो बापासारखाच चिखलात उताणा पडून गाडीखाली शिरला. शाफ्ट बसला, चारही चाकांना जोर देणारा दांडा ओढला, पुढच्या चाकांनी माती धरली आणि जीप एका दमात माझ्या अंगणात येऊन उभी राहिली. एवढंच काम होतं.

प्रसाद खाली उतरला आणि गोणपाटाला हात पुसले. मग म्हणाला, "आते, दसऱ्याक काडूक येव?"

"ये. आणि मिरगाआधी न्हेलंस नाय तर तुजे तंगडे मोडतलंय."

गोणपाट घडी करून बाकड्याखाली ठेवलं आहे. तिथे जमिनीवर ग्रीसचा लांबलचक काळा डाग आहे. मी राखेने घासून पाहिला. जात नाही.