कंडक्टर कुणी काढला?

कंडक्टरबाईंना कुणी 'आजी' म्हटलेलं खपत नाही. वय एकसष्ट, गुडघ्यात स्टीलची पट्टी, केस पांढरेशुभ्र; पण दुकानाच्या रांगेत कुणी "आजी, जरा सरका" म्हटलं की बाई जागच्या हलत नाहीत. "कंडक्टर म्हण, मग सरकते," म्हणतात. नोकरी सुटून तीन वर्षं झाली तरी ऐट सुटलेली नाही. नाकावर माशी बसू देतील तर शपथ.

आणि ही बाई व्हिडिओ गेम खेळते. हसताय काय? नऊ हजार माणसं तिचा शब्द मानतात, तुमचा-माझा घरात तरी कोण मानतं?

झालं असं, की बारा वर्षांपूर्वी बाई बसच्या पायरीवरून पडल्या. गुडघा गेला, चार महिने अंथरूण. घरात बसून त्यांनी नवऱ्याला इतकं सतावलं, की तो बिचारा इलेक्ट्रिशियन माणूस, सुट्टीच्या दिवशीही कामं शोधत फिरायला लागला. तेव्हा कॉलेजात असलेल्या लेकीने एक दिवस आईच्या हातात गेमचा रिमोट ठेवला. "आई, यात बस आहे."

"बस? बस बघून डोळे फुटायची वेळ आलीय माझी, आणि तू मला बस दाखवतेस?" बाई कडाडल्या. पण त्या दिवशी दुपारचं ताट तसंच निवून गेलं आणि संध्याकाळी नवरा आला तेव्हा बाई टीव्हीसमोर बसून पडद्यावरच्या प्रवाशांना दम देत होत्या, "अहो, आत सरका ना, आत जागा आहे!"

खेळाचं नाव 'शेवटची फेरी'. भाग निघाले तीन, म्हणजे कंपनीला शेवट कशाला म्हणतात हे कधी कळलंच नाही. पण खेळ असा होता, की वा! ड्रायव्हर पुढे, कंडक्टर मागे, आणि सगळा जीव मागच्या दारात. म्हाताऱ्या माणसाचा दुसरा पाय पायरीवर आला नाही आणि तुम्ही डबल बेल दिलीत, तर तो पडायचा. आज ज्या बाईला स्टॉपवर सोडून गेलात ती उद्याही त्याच स्टॉपवर उभी असायची आणि तुमच्याकडे बघायचीसुद्धा नाही. "हे ज्याने लिहिलंय ना," बाई म्हणायच्या, "तो घामेजल्या बसमध्ये उभा राहिलेला माणूस आहे. केबिनमध्ये बसून हे सुचत नाही."

या खेळाचे जे वेडे होते त्यांचा फोनवर एक गट होता, त्याचं नाव डेपो. डेपोत नऊ हजार माणसं, सगळे हौशी. खरा कंडक्टर एकच, आपल्या बाई. म्हणून तिथे रिवाज पडला, की नवा भाग आला की सगळ्यांनी पहिली फेरी खेळायची, पण बाईंनी निकाल दिल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. बाई मुद्दे लिहायच्या आणि खाली एक तर 'डबल बेल' लिहायच्या, म्हणजे जाऊ द्या. नाही तर 'सिंगल बेल', म्हणजे गाडी थांबवा. आजवर सिंगल बेल कधी मिळाली नव्हती.

पुढे लेक शिकली आणि 'शेवटची फेरी' बनवणाऱ्या त्याच कंपनीत लागली. बाईंनी ही बातमी डेपोत अशी सांगितली, की जणू पोरगी सगळ्या जगाच्या बसगाड्यांची मालकीण झाली.

तिसऱ्या भागानंतर आठ वर्षांनी चौथा भाग आला. शनिवारची सकाळ होती. नवऱ्याने चहा आणला आणि नेहमीसारखा मागे स्टुलावर जाऊन बसला; घरात त्याला प्रवासी नंबर एक म्हणतात. बाईंनी खेळ सुरू केला. बस चकाचक. रस्ता चकाचक. वेग असा, की नवऱ्याने स्टूल घट्ट धरलं. स्टॉप आला, पाच माणसं उभी होती. टिंग झालं, पाचही माणसं गायब आणि कोपऱ्यात पन्नास गुण.

"चढली कधी?" बाई म्हणाल्या.

त्यांनी बस थांबवली आणि मागे वळून पाहिलं. मागचं दार होतं. दारात कंडक्टर नव्हता. त्यांनी खेळाच्या सगळ्या याद्या उघडून बघितल्या. म्हटलं, काखेत कळसा असायचा आणि आपण गावभर शोधतोय. चाळीस मिनिटं शोधलं. नवरा म्हणाला, "पुढच्या टप्प्यात येईल गं." पुढच्या टप्प्यातही नव्हता. तिथे एका म्हातारीची पिशवी दारात अडकली, बस तिला चार पावलं ओढत घेऊन गेली आणि गुण मिळाले दहा.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी लेकीला फोन लावला. "तुमच्या त्या कंपनीत कुठल्या गाढवाने अक्कल गहाण टाकली? कंडक्टर कुणी काढला?"

लेक म्हणाली, "मी काढला, आई."

बाईंनी हातातला रिमोट खाली ठेवला.

"तिसऱ्या भागात दहातले सात जण कंडक्टरचं काम गाळून पुढे जायचे," लेक सांगत होती. "आकडे माझ्यासमोर आले, निर्णय माझा होता. आई, ऐक. सोमवारी आमच्या टीमचा प्रमुख ठरणार आहे. माझं नाव पुढे आहे. डेपोचा निकाल मीटिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवतात. बाकी काय झोडपायचं ते झोडप. एवढं एक लिहू नकोस."

"बरं," बाई म्हणाल्या. आपल्या तोंडून 'बरं' इतक्या सहज निघालेलं ऐकून त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

मग त्यांनी निकाल लिहिला. सोळा मुद्दे. आरसा चुकीच्या जागी आहे. हॉर्न रिक्षाचा वाटतो. ओल्या रस्त्यावर ब्रेक असा लागत नाही. चढावर गाडी गुरगुरत नाही. सोळा मुद्दे आणि खाली सिंगल बेल. डेपोत एकच हलकल्लोळ. आठ वर्षं डोळे लावून बसलेली माणसं ती, दाबून धरलेलं सगळं बाहेर पडलं. कुणी म्हणालं फसवणूक आहे, कुणी म्हणालं डोंगर पोखरून उंदीर निघाला. आणि शिव्या सुरू झाल्या त्या पहिले तीन भाग ज्याने बनवले त्या म्हाताऱ्याला. त्यानेच विकून खाल्लं म्हणे. त्या बिचाऱ्याला नोकरी सोडून पाच वर्षं झाली होती.

डेपोत स्वतःला 'फुकट्या' म्हणवणारा एक होता, बाईंचा मोठा चाहता. त्याने विचारलं, "बाई, सोळा मुद्दे वाचले. पण कंडक्टर कुठे गेला ते लिहायचं राहिलं का?"

खाली दुसऱ्याने टाकलं, "राहिलं नाही, गाळलं. लेक तिथेच आहे ना! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं."

बाईंनी फोन नवऱ्यापुढे धरला. "बघा, काय बोलतात मेले!"

नवऱ्याने चष्मा लावून सावकाश वाचलं. "खोटं कुठे बोललाय?" तो म्हणाला.

"तुम्ही तुमचे बल्ब बदला," बाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन घासलेलीच भांडी परत घासायला लागल्या.

त्यांना लाज वाटत होती. सरळ सांगायचं तर लाज. हॉर्नबद्दल लिहिलं, आरशाबद्दल लिहिलं, आणि ज्याच्यावाचून तो खेळ म्हणजे नुसता पत्र्याचा डबा, त्याचं नाव नाही! वर शिव्या भलताच माणूस खातोय. नोकरीत एकदा सासूबाई त्यांच्या बसमध्ये चढल्या होत्या आणि 'मी तर घरचीच' म्हणून खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. बाईंनी भर गर्दीत त्यांना तिकीट फाडून दिलं. सासूबाई वर्षभर बोलल्या नाहीत, तरी बाईंना त्या रात्री शांत झोप लागली होती. आज लेकीला मात्र त्यांनी विनातिकीट बसवून नेलं होतं.

रविवारी सकाळी त्यांनी फोन केला. "मी ते लिहितेय. विचारत नाहीये, सांगतेय. मागून कळू नये म्हणून."

"आई! एक दिवस थांबता येत नाही तुला? फक्त उद्याचा दिवस!"

"उद्या लिहिलं तर ते खरं बोलणं नव्हे. ती सोय झाली."

"म्हणजे मुलीपेक्षा तुला खेळ मोठा?"

"खेळ गेला खड्ड्यात!" बाईंचा आवाज चढला. "तुझ्यापायी एक म्हातारा शिव्या खातोय आणि तू आणि मी मूग गिळून बसलोय. तो तुझा कोणी नाही म्हणून? चूक केलीस ना, मग ताठ उभी राहून कबूल कर. मी तुझ्या शेजारी उभी राहीन. पण तुझ्या पुढे उभं राहून तुला झाकणार नाही."

लेकीने फोन ठेवून दिला.

बाईंनी चष्मा पुसला आणि एका बोटाने टाइप केलं: "सतरावा मुद्दा. काल मी गाळला होता, चूक माझी. या खेळात कंडक्टर नाही. तो माझ्या मुलीने काढला. त्या म्हाताऱ्या गृहस्थाचा काही संबंध नाही, त्यांची माफी मागा. माझी मुलगी हुशार आहे, कष्टाळू आहे, आणि यात ती साफ चुकली आहे. शिव्या द्यायच्या तर खेळाला द्या. मुलीला कुणी एक शब्द बोललं तर गाठ माझ्याशी आहे. भर रस्त्यात मी किती जणांना उतरवलंय, त्याची गणती नाही."

तरी दोघं-तिघं बोललेच. बाईंनी त्यांना त्याच मिनिटाला डेपोतून उतरवलं. बाकीच्यांनी म्हाताऱ्याची माफी मागितली, काहींनी तोंडदेखली, पण मागितली.

सोमवारी लेकीला प्रमुखपद मिळालं नाही. हे नवऱ्याला कळलं, त्याच्याकडून बाईंना कळलं. लेकीचा फोन नाही. एक दिवस, दोन दिवस, बारा दिवस. नवऱ्याने एकदा हळूच सुचवलं, "तूच लाव की. आईने नमतं घेतलं तर काय बिघडतं?"

"नमतं कशाला घेऊ? चोरी केलीय का मी?" बाई म्हणाल्या. पण फोन त्या अंघोळीला जातानासुद्धा बरोबर न्यायला लागल्या, हे नवऱ्याने पाहिलं होतं.

तेराव्या दिवशी दुपारी लेक दारात उभी. खांद्याला लॅपटॉपची बॅग, चेहरा असा, की आता फुटेल की मग.

"तुझं बरोबर होतं असं म्हणायला आलेली नाही," ती म्हणाली.

"मी विचारलं का?"

"भांडायला आलेय."

"मग आत ये. उभ्याने भांडलं की पाय दुखतात."

दोघी जेवणाच्या टेबलाशी बसल्या. नवरा शहाणा माणूस, हळूच गच्चीत सटकला. सतराच्या सतरा मुद्द्यांवर भांडण झालं. हॉर्नचं लेकीने मान्य केलं. आरशाचं केलं नाही; तिने दाखवून दिलं की नव्या गाड्यांना आरसा तिथेच असतो, आणि बाईंना तो मुद्दा खोडावा लागला. असं करत करत सतराव्यावर आल्या.

"आकडे खोटे नव्हते, आई," लेक म्हणाली. "सात जणांना खरंच कंटाळा येत होता."

"आकडे खरेच असतात गं. मला बसवरून काढलं तेव्हाही खरेच होते."

पाच वर्षांपूर्वीची ती गोष्ट लेकीला ठाऊक होती: गाड्यांना आपोआप उघडणारी दारं आली, तिकिटाची यंत्रं बसली, आणि आईला शेवटची दोन वर्षं हरवलेल्या सामानाच्या खोलीत छत्र्या सांभाळायला बसवलं. घरी येऊन आईने हसत सांगितलं होतं, बरं झालं बाई, पाय सुटले.

"तू तर तेव्हा म्हणाली होतीस, पाय सुटले म्हणून."

"म्हणायला काय जातंय! दोन वर्षं मी बसच्या डेपोत मागच्या फाटकाने जात होते. पुढून गाड्या सुटायच्या, मला बघवत नव्हतं. ज्याने कागदावर सही केली त्याने एकदा मान वर करून बघितलं असतं ना, तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. त्याने बघितलंच नाही. छत्र्या मोजता मोजता रडायचे मी. रोज."

लेक म्हणाली, "मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस का? तेव्हा नाही विचारलंस, आणि कंडक्टर काढतानाही नाही. घरात एकोणतीस वर्षं बसच्या मागच्या दारात उभी राहिलेली आई आहे, एक फोन करून विचारावं, की आई, हा माणूस काढला तर काय जाईल? नाही विचारलंस. मला राग खेळाचा नाही गं. मला राग त्याचा आहे."

लेक रडली. बाईंनी तिला थोपटलं नाही, उगी उगी केलं नाही. पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि थांबल्या. पाणी पिऊन झाल्यावर लेकीने बॅगेतून लॅपटॉप काढला.

"कंपनी ऐकेलच असं नाही," ती म्हणाली. "आता तर माझं कुणीच ऐकत नाही. पण मी मांडणार आहे, आणि फेटाळलं तर परत मांडणार आहे. आता विचारतेय. सांग, काय जातं?"

बाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"लिहून घे. आणि मध्येच मला कंटाळा आला म्हणायचं नाही."