लॅपटॉप घरात कोण वापरणार?

कॉम्प्युटरच्या दुकानात दोन गोष्टी सारख्याच वेगानं साठतात, धूळ आणि किस्से. धूळ ब्लोअर मारून घालवता येते. किस्से मात्र चहाला कुणी भेटलं की आपोआप बाहेर पडतात आणि ऐकणारे म्हणतात, "हे लिहून ठेव की गं." म्हणून लिहितेय.

दुकान मामाचं, कोल्हापूरच्या शाहूपुरीतलं. आधी तिथं टाइपरायटर दुरुस्त व्हायचे, मग कॉम्प्युटर आले, आणि दोन हजार सहा-सातच्या सुमारास घरात लॅपटॉप घ्यायची टूम निघाली. मी तेव्हा दिल्लीत इंजिनिअरिंग संपवून परत आले होते. नोकरी करायची नाही, आपल्याकडच्या घराघरात लॅपटॉप पोचवायचा, आणि तोही गरज ओळखूनच, असं माझं अगदी ठरलेलं. त्यासाठी मी एक फॉर्म छापून घेतला. दहा प्रश्न. पहिला प्रश्न: 'लॅपटॉप घरात कोण वापरणार?'

मामानं चष्मा कपाळावर सरकवून फॉर्म वाचला.

"बाळ, माणसं वस्तू घ्यायला येत्यात. सोयरीक जमवायला न्हाय."

"मामा, गरज कळल्याशिवाय विकायचं नाही."

"बरं. मग निदान चहा तरी सांग त्यांना. दहा प्रश्न हायेत."

*

पहिला फॉर्म भरला पेठ वडगावच्या एका काकांनी. गोठ्यात आठ म्हशी, मुलगी कॉलेजात, तिच्यासाठी लॅपटॉप.

दिवसातून किती तास वापरणार? "लाइट असंल तवा." काय काम करणार? "ती शिकंल की. मला कळलं असतं तर तिला कशाला शिकवली असती?"

मी उत्तरांना गुण दिले, बेरीज केली आणि दोन लॅपटॉपपैकी काळा पुढं केला. काकांनी माझ्या बेरजेकडं पाहिलंच नाही. काळा उघडला, मिटला. उघडला, मिटला. असं वीस वेळा. मग करडा घेतला, वीस वेळा. मला राहवेना.

"काका, आत काय आहे ते या कागदावर लिहिलंय."

"म्हैस घेताना कागद बघत न्हाय ताई. उठती कशी आन बसती कशी, त्ये बघतो. हा काळा उठताना कण्हतोय."

ते करडा घेऊन गेले. काळा मी पुढच्या आठवड्यात एका प्राध्यापकांना दिला, पूर्ण शास्त्रशुद्ध पद्धतीनं. तिसऱ्या महिन्यात तो परत आला. बिजागरी निखळली होती.

 तेव्हापासून नवा माल आला की मामा प्रत्येक लॅपटॉप वीस वेळा उघडमीट करायला लागला.

*

चंदगडचे एक निवृत्त गुरुजी होते. त्यांनी फॉर्म सुवाच्य अक्षरात भरला, वर समास सोडून. लॅपटॉप घेतला, आणि पावसाळ्याआधी मी त्यांना फोनवर बजावलं, "गुरुजी, तुमच्याकडं फार ओल असते. कोरड्या जागी ठेवा."

ते म्हणाले, "पोरी, आमच्याकडं जूनपासून कोरडी जागा एकच."

गणपतीच्या आधी ते एसटीनं कोल्हापूरला आले. हातात पिशवी, पिशवीत धोतराच्या कापडात शिवलेली खोळ, आणि खोळीत तपासायला आणलेला लॅपटॉप. त्याला तांदळाचा वास येत होता.

"तुम्ही हा तांदळाच्या पिंपात ठेवलाय?"

"व्हय. आमच्यात काडेपेटी, पासबुक, चष्मा, समदं तिथंच असतं. तांदूळ ओल पितोय."

मी म्हटलं, हे चुकीचं आहे, धूळ जाईल, कोंडा जाईल. त्यावर मामानं तो खोलून बघितला. आत खडखडीत. त्याच दिवशी कोल्हापुरातल्याच एका बंगल्यातला लॅपटॉप आमच्याकडं आला होता. काचेच्या शोकेसमध्ये ठेवलेला. त्याच्या आत बुरशी होती.

गुरुजींनी दोन्ही पाहिले आणि मला विचारलं, "त्यांनी फॉर्म भरला हुता का?"

*

आणि आता हुपरीचे आप्पा.

आप्पांच्या घरी चांदीच्या पैंजणांचं काम चालतं. पुढच्या सोप्यात भट्टी, माडीवर घडण, सगळं घर त्यातच. गुढीपाडव्याला ते लॅपटॉप घ्यायला आले. बरोबर मुलगा महेश आणि सून राजश्री. महेश खुर्चीत बसला. राजश्री मागं उभी राहिली, पण टेबलावरच्या कीबोर्डवर तिची बोटं उगाच फिरत होती.

मी पहिला प्रश्न विचारला. "लॅपटॉप घरात कोण वापरणार?"

"घर," आप्पा म्हणाले.

"हो, पण घरातलं कोण?"

"घरच की. लिवा."

मी लिहिलं, 'घर'. राजश्रीनं कीबोर्डवरचा हात काढून घेतला.

आप्पांनी फॉर्म बाजूला सारला आणि लॅपटॉप तळहातावर घेतला. डोळे मिटले. "दोन किलो चारशे."

मला हसू आलं. मामानं शेजारच्या वाण्याकडून काटा आणवला. दोन किलो चारशे.

आप्पांनी माहितीपत्रक मागितलं. त्यात लिहिलं होतं, दोन किलो. मी समजावलं, कंपनी बॅटरी न धरता वजन सांगते.

"म्हंजे घोड्याचं वजन पाय न धरता," आप्पा म्हणाले. "आमच्यात आसं केलं तर गाव सोडावं लागंल."

तरीही घेतला. निघताना त्यांनी तो सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. "ह्याला कुलूप कुठाय?"

"कुलूप नसतं आप्पा. रोज वापरायची वस्तू आहे."

"मग चांदीच्या कपाटात ऱ्हाईल." त्यांनी कमरेच्या करदोड्याला अडकवलेली चावी चाचपली. "चांदीच्या घरात चावी एकाकडंच असती. दोघांकडं गेली की दोघंबी चोर हुत्यात."

*

दसरा झाला आणि आप्पा परत आले, महेश आणि राजश्रीला घेऊन. महेश पुन्हा खुर्चीत बसला. आप्पांनी टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप टेबलावर ठेवला. "मेला ह्यो."

मी उघडला. बटणांच्या फटीत हळदीकुंकू, वर झेंडूची पाकळी. चार्जर लावला, थोडं थांबले, दिवा लागला. मेला नव्हता, उपाशी होता. मी आत पाहिलं तर पाडव्याला मी जे ठेवलं होतं तेवढंच. त्यानंतर एक ओळसुद्धा नाही.

"आप्पा, हा सहा महिन्यांत एकदाही सुरू केलेला नाही."

"कोण म्हणतंय? खंडेनवमीला पूजा केली की. तवा लागला न्हाय म्हणून तर आणलाय."

मग माझं भाषण सुरू झालं. वस्तू पूजेसाठी नसते, माणसासाठी असते, कपाटात ठेवायचा तर घ्यायचा कशाला. मामा दोनदा खाकरला. मी थांबले नाही. थांबवलं ते राजश्रीनं.

"मी बीसीए केलंय," ती मला म्हणाली, पण ऐकवत होती दुसऱ्यालाच. "कॉलेजात पैंजणाची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढायची. लग्नाला चार वर्षं झाली. आता हात विसरत चाललाय."

आप्पा वळले. "मग मागायचं की."

"मागितला. चार वेळा. दोनदा चावी तुमच्याबरोबर कोल्हापूरला गेलती, एकदा जोतिबाला."

"आन चौथ्यांदा?"

"चौथ्यांदा ह्यांना मागितला." महेश भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला.

आप्पांचा हात करदोड्याच्या चावीकडं गेला. मग म्हणाले, "बाहिर ठिवला तर येणारा-जाणारा कुणीबी उघडंल. आमचं डिझाइन सकाळी दुसऱ्या आळीत गेलं तर दुपारी तिथं पैंजण तयार असतंय. चार घरं चालत्यात त्याच्यावर."

हे माझ्या दहा प्रश्नांत कुठंच नव्हतं. मी म्हटलं, "आप्पा, याला आतून कुलूप लागतं. पासवर्ड म्हणतात त्याला."

"आन चावी?"

"चावी डोक्यात."

आप्पांनी महेशला उठवलं आणि ती खुर्ची राजश्रीसमोर सरकवली. "आधी काढून दाव."

ती बसली. पहिली रेघ वाकडी गेली. पुसली. दुसरीही वाकडी. मी मदतीला पुढं झाले तर मामानं माझी ओढणी धरून मागं ओढलं. मग हळूहळू एक कडी तयार झाली, कडीला एक बारीक कैरी, आणि मग तिनं त्याच्या वीस कड्या करून ओळीत लावल्या. पडद्यावर पैंजण आडवं पडलं होतं.

आप्पा चष्मा लावून पडद्याला नाक टेकेल इतके जवळ गेले. "जोड कुठं द्यायचा?"

राजश्रीनं कैरीच्या देठावर बोट ठेवलं. "हितं. पायाला लागणार न्हाय."

आप्पांनी तिथं स्वतःचं बोट ठेवून पाहिलं. मग मला म्हणाले, "घाला तुमचं कुलूप."

मी पासवर्डची चौकट उघडून लॅपटॉप आप्पांपुढं केला. त्यांनी तो राजश्रीपुढं केला आणि स्वतः दाराकडं तोंड करून उभे राहिले.

"मालक, तुमीबी फिरा," ते मामाला म्हणाले. मामा फिरला. मीही फिरले. "महेश, तू बी."

दुकानात चार माणसं दाराकडं, भिंतींकडं बघत उभी होती. मागं बटणं वाजत होती, सावकाश, एकेक. मग थांबली.

"आप्पा, झालं. तुमच्या कानात सांगू?"

"नगं."

महेशनं मान वळवली. "आन मला?"

आप्पांनी करदोड्याची चावी नीट आत खोचली आणि चपला घातल्या.

"चावी एकाकडंच असती."