रस्त्यावरचा धवला

माझ्या सासूबाई, हौसाबाई, पनवेलजवळच्या कोन गावच्या धवलारीण. आमच्या आगरी लग्नात हळदीपासून प्रत्येक विधीला धवले, म्हणजे त्या त्या विधीची गाणी, गावे लागतात. धवला मांडवातच गायचा, इतर कुठे नाही, हा सासूबाईंचा कडक नियम. नातवाला झोपवायलाही त्या कधी गायल्या नाहीत.

मग त्यांचा चेहराच त्यांच्यावर उलटला. पापण्या आपोआप गच्च मिटायच्या, जबडा वाकडा व्हायचा. गावाने आधी दृष्ट काढली, मग नारळ फोडले. पनवेलच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, डिस्टोनिया. मेंदूच स्नायूंना चुकीचे हुकूम सोडतो म्हणे. पापण्यांजवळची इंजेक्शनं काही काळ लागू पडली, नंतर तीही चालेनात. गॅसवर हात भाजला. डोळे धडधाकट असून बाई आंधळी!

फक्त गाताना चेहरा सरळ व्हायचा, डोळे उघडायचे. म्हणून कोन फाट्यावर रस्ता ओलांडताना सासूबाई नाइलाजाने धवला गायच्या. ट्रकवाले दात काढायचे. वाटायचं, एकेकाला खाली ओढावं. पलीकडे पोचल्यावर त्या पुटपुटायच्या, "देवाची वस्तू रस्त्यान सांडली."

मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांपुढे तर कहरच. तोंड वाकडं दिसू नये म्हणून बाई तपासणीभर गुणगुणत बसल्या. डॉक्टरांना आजार दिसेचना. शेवटी मी वैतागले. "आई, इथे कुणाचं लग्न नाही. गप्प बसा!" त्या गप्प झाल्या आणि चेहरा असा पिळवटला की डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

उपाय होता. मेंदूत खोलवर बारीक तारा आणि छातीच्या कातडीखाली बॅटरी. "पण जीभ जड होऊ शकते," डॉक्टर म्हणाले. "तसं झालं तर करंट कमी करू. मग मात्र डोळे पुन्हा मिटू लागतील."

माझा नवरा धनेश लगेच हो म्हणाला. सासूबाईंनी मला बाजूला घेतलं. "अंकिता, आवाज गेला तं माजं काय रायलं?"

 मुंबईला यायचा हट्ट माझाच होता; तोच पुढे रेटत मी त्यांना हो म्हणायला लावलं.

ऑपरेशन झालं. करंट हळूहळू वाढवत नेला. पापण्या जसजशा सुटत गेल्या, तसतशा सासूबाई अबोल झाल्या. गुणगुणणंही थांबलं. डॉक्टरांनी विचारलं की "बरा हाय," एवढंच. गळ्याबद्दल विचारायची माझी हिंमत होईना. डोळे दिले आणि गळा घेतला, असं तर आपण करून बसलो नाही ना? 

परवा तपासणीहून येताना फाट्यावर उतरलो. सवयीने मी त्यांचा हात धरला. "करा सुरू."

त्या गायल्या नाहीत. डोळे उघडे ठेवून, दोन्ही बाजूंना बघत त्यांनी मलाच रस्ता ओलांडून नेलं. माझं गाड्यांकडे लक्षच नव्हतं. पलीकडे पोचताच मला रडू फुटलं.

"आई, खरं सांगा, आवाज गेला ना?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. कितीतरी दिवसांनी त्यांचे डोळे मला इतका वेळ सलग दिसत होते.

"जायाला काय झाला? हाय ना," त्या म्हणाल्या. "शेजारच्या काशिरामच्या पोरीचं लगीन हाय, तवा मांडवान ये नि आयक. रस्त्यान कशाला गाऊ आता?"