मावशीची शुक्रवारची गोळी

अख्ख्या भिवंडीत सरळ उभ्या अशा दोनच गोष्टी होत्या, सुताला खळ देणाऱ्या सायझिंगच्या कारखान्याची चिमणी आणि माझी मावशी. त्यातली चिमणी जराशी कललेली होती. धामणकर नाक्यावरच्या रिक्षा, टेम्पो, हातगाड्या यांच्यामधून मावशी अशी चालायची, जणू डोक्यावर अजून दिघाशीच्या विहिरीवरचा भरला हंडा आहे आणि त्यातला थेंब सांडला तर माहेरची अब्रू जाईल. टेम्पोवाले हॉर्न द्यायचे विसरत. मी तिच्याबरोबर चालताना लोकांना वाटे, एखादी बाई आपलं गाठोडं ओढत निघाली आहे.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराला ती न्हाणीत नुसती घसरून बसली आणि मनगट मोडलं. "हाडं ठिसूळ झालीत," डॉक्टर म्हणाले. "औषध घ्या, नाहीतर मणके खचतील, वाकाल." मोडक्या मनगटाचं तिला काहीच नव्हतं. 'वाकाल' हा शब्द मात्र लागला. तिची आई शेवटची काही वर्षं जमिनीकडे बघतच जगली होती. परतताना रिक्षात मावशी एवढंच बोलली, "मला तशी न्हाय जायचं."

गोळी आठवड्यातून एकदा. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. मग अर्धा तास चहा नाही, खाणं नाही, आडवं होणं नाही. "ही गोळी न्हाय रे, वरमाय हाय," मावशी म्हणाली. "तिच्यासमोर खायचं न्हाय, प्यायचं न्हाय, निजायचं न्हाय." वार तिने शुक्रवारच ठरवला. शुक्रवारी गल्लीतले लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद. एरवी मागच्या शेडमधल्या खडखडाटात तिला बसल्या जागी डुलकी लागे. आमच्या गल्लीतली तान्ही बाळंसुद्धा त्या आवाजात गाढ झोपत आणि वीज जाऊन लूम थांबले की रडत उठत. शुक्रवारच्या शांततेत मावशीचा डोळा लागणं शक्यच नव्हतं. तरी पहाऱ्याला मला बोलावलं. पहिल्या शुक्रवारी मी खुर्चीत असा झोपलो, की मावशीनेच मला चहाला हलवून उठवलं. पुढचे शुक्रवारही फारसे वेगळे गेले नाहीत.

पण तिच्या छातीत जळजळ सुरू झाली. "आत कोणीतरी चूल मांडलीय," म्हणायची आणि गार दूध प्यायची. डॉक्टरांना सांगू द्यायची नाही. ते गोळी बंद करतील ही भीती. शेवटी भाकरीचा घासही दुखत उतरू लागला, तेव्हा मी तिला जवळजवळ ओढत नेलं. "बंद करावी लागेल," डॉक्टर म्हणाले. मावशीचा चेहरा पडला. "मंग मी वाकणार?"

डॉक्टरांनाही वाईट वाटलं असावं. गोळी घेतल्यावर नक्की काय करता, असं त्यांनी विचारलं.

"काय म्हंजे? अंगण झाडते, सडा घालते, रांगोळी काढते. चहा न्हाय तर हात कशाला रिकामे ठेवू?"

"वाकून?"

"मंग रांगोळी काय भिंतीवर काढू? तुम्ही बोललात आडवं व्हायचं न्हाय. मी झाले का आडवी?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वाकलं तरी गोळी पुन्हा वर येते आणि अन्ननलिका जाळते," ते म्हणाले. वाकायला लागू नये म्हणून घेतलेलं औषध मावशी पोट दाबून, वाकून पचवत होती, आणि पहारेकरी आत घोरत होता. घसा बरा होईपर्यंत सुट्टी, मग एकदा प्रयत्न करू; पुन्हा जळजळलं तर मात्र कायमची बंद, असं ठरलं.

आता रांगोळीचं काय? रांगोळी आधी काढली तर चहा लांबणार, नंतर काढली तर दार उजाडल्यावर भुंडं दिसणार. दोन्ही मावशीला नामंजूर. म्हणून घसा बरा झाल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी तिने गोळी गिळली आणि रांगोळीचा डबा माझ्या हातात दिला. स्वतः चौकटीला हात लावून उभी. "हे काय? गोपद्म हाय का म्हशीचा खूर? जरा हात सैल सोड." सुट्टीवरचा एक लूम कारागीर दात घासत थांबला. "क्या साहब, ड्युटी बदल गयी?" "शिकतोय," मावशीने परस्पर सांगितलं, "पोरगा मन लावून करतो."

मग गल्ली पुन्हा शांत झाली. कोवळ्या उन्हात कापसाचे तंतू कुठे उतरावं हे न ठरवता तरंगत होते. मावशी दिघाशीच्या धुक्याबद्दल बोलू लागली. भाताच्या बांधावरून आई पुढे चालायची, धुक्यात ती दिसेनाशी व्हायची आणि लहानगी मावशी नुसती तिच्या बांगड्यांच्या आवाजामागून जायची. "तेव्हा आई लई उंच वाटायची," म्हणाली. मी रांगोळीची चिमूट हातात धरून ऐकत राहिलो. मध्येच भीत भीत विचारलं, "जळतंय का?" तिने छातीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. "न्हाय."

त्यानंतर कितीतरी शुक्रवार तसेच गेले. माझं गोपद्म सुधारलं नाही, पण जळजळ परतली नाही, आणि मावशी चौकटीत ताठ उभी राहायची. एका शुक्रवारी मी गुडघ्यांवर हात टेकत उठलो आणि तिच्याशेजारी उभा राहिलो. तिने माझ्याकडे पाहिलं, मग जरा आणखी वर पाहिलं.

"तू उंच झालास रे."

पन्नाशी गाठलेला माणूस उंच होत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. "तुझ्या हातचं खाऊन," मी म्हणालो, आणि अर्धा तास संपेपर्यंत गुडघे किंचित वाकवून तिच्याशेजारी उभा राहिलो.