टेबल कललं की खड्डा

माझ्या भावाचा हात आधी उठतो आणि तोंड मग. आमच्या मरोळच्या वर्कशॉपमध्ये हे सगळ्यांना ठाऊक आहे, मला तर फ्रॉक घालायच्या वयापासून. मीही काही गोगलगाय नाही. बाबा म्हणायचे, या दोघांना एका गाळ्यात ठेवलं तर एक दिवस गाळा तरी फुटेल नाहीतर यांची डोकी तरी. बाबा गेले आणि आम्ही दोघं नेमके त्याच गाळ्यात राहिलो. दादा मालक, मी प्रोग्रॅमर. टूलने कुठून, कसं जायचं हे कॉम्प्युटरवर आखून मशीनला द्यायचं, हे माझं काम.

आणि मशीनवर अंकल. मरोळ गावठाणातले, दर रविवारी कडक इस्त्रीचा शर्ट घालून चर्चला जाणारे. बाबांनी त्यांना लेथवर घेतलं होतं, आता ते आमच्या फाइव्ह-अ‍ॅक्सिसवर होते. या मशीनचं टेबल नुसतं पुढेमागे होत नाही, ते गरगर फिरतं आणि कलतंही, त्यामुळे टूल हवं त्या कोनातून जॉबला, म्हणजे घडवायच्या धातूच्या तुकड्याला, भिडतं. अंकल डोळ्यांपेक्षा कानांनी मशीन चालवायचे. कटिंगचा आवाज जरा बदलला की त्यांचा हात मशीन थांबवायच्या लाल बटणावर. मला शिकवताना म्हणायचे, "बाय, स्क्रीन मागून सांगते. कान आधी सांगतो."

दसरा झाला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही गाळा उघडला. पंपाच्या पोटात फिरणारं पात्यांचं चाक करायचं होतं, इम्पेलर. वरचं सपाट काम झकास निघालं. मग टेबल कललं, टूल दोन पात्यांच्या बेचक्यात शिरलं आणि मशीन किंचाळलं. दुसरा शब्द नाही त्याला. अंकलनी बटण दाबलं तोवर टूल तुटून त्याचा तुकडा आतून काचेवर आपटला होता. दार उघडलं तर पात्याच्या मुळाशी खड्डा, कुत्र्याने लचका तोडावा तसा. आम्ही म्हणतो, टूलने जॉब खाल्ला.

दादा केबिनमधून आला तोच शिव्या देत. खड्डा बघितला आणि माझ्याकडे वळला. "काय प्रोग्रॅम केलायस गं? झोपेत केलास?"

मी लॅपटॉप त्याच्या नाकासमोर धरला आणि सगळं सिम्युलेशन चालवून दाखवलं. टूल कुठेही घासत नव्हतं. "कुठे दिसतो खड्डा? दाखव ना! ठेव बोट!"

त्याला बोट ठेवता येईना. म्हणून तो अंकलकडे वळला. ज्या माणसाला जन्मभर अंकल, तुम्ही म्हणत आला, त्याला म्हणाला, "मग तू झक मारलीस."

"मी सगळं बरोबर लावलं होतं," अंकल म्हणाले.

"बरोबर लावलंस तर जॉब काय माझ्या बापाने खाल्ला?"

आणि मारली. उघड्या पंजाची, डाव्या कानाखाली, सगळं अंग घालून. पलीकडच्या लेथवाल्याने आवाज ऐकून मशीन बंद केलं. अंकल टूलच्या ट्रॉलीवर कोसळले, ट्रॉली उलटली, होल्डर खणखणत फरशीभर पांगले. दादा पुन्हा पुढे गेला आणि कॉलरला धरून त्यांना उठवायला लागला. दया आली म्हणून नव्हे, परत मारता यावं म्हणून.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हाताला नायलॉनचा हातोडा लागला, तो फेकला. दादाच्या खांद्यावर बसला. त्याने वळून माझं मनगट पिरगाळलं, मी त्याच्या दंडाला कडकडून चावले आणि तोंडात रक्ताची चव आली. सोडलं मात्र नाही. लेथवाल्याने आम्हाला ओढून वेगळं केलं.

"संध्याकाळपर्यंत कारण सापडलं तर ठीक," दादा धापा टाकत म्हणाला. "नाहीतर हा माणूस उद्या या दारात दिसता कामा नये. आणि का काढला ते मी अख्ख्या मरोळला सांगेन!" आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत अशी बोंब एकदा झाली की कुठलाच गाळा त्या माणसाला दारात उभं करत नाही. साठीला टेकलेल्या अंकलनी जायचं कुठे?

"तुम्ही डॉक्टरकडे जा," मी त्यांना म्हटलं.

"आत्ता गेलो तर चोर ठरतो, बाय." कानावर रुमाल दाबून ते मशीनला टेकून उभे राहिले.

रागात माझं डोकं बरं चालतं. प्रोग्रॅममध्ये लिहिलंय त्याहून टूल जाड असलं तर जॉब खातं. मोजलं, जाडी बरोबर होती. जॉब पकडीत सरकला असेल म्हणून मापाचं डायल लावून बघितलं, सरकला नव्हता. मग एक भंगार ठोकळा बांधला आणि टेबल सरळ ठेवून त्यात चर मारला. मापाला चोख! तसाच चर टेबल कलवून मारला, तर टूल खोल रुतलं. पुन्हा मारला, पुन्हा तेच.

म्हणजे आपलं टेबल कुठल्या बिंदूभोवती कलतं, हेच मशीनला चुकीचं ठाऊक होतं. टेबल सरळ असेतो ती चूक झोपून असते, कललं की उठते. तो बिंदू शोधायला टेबलावर एक गुळगुळीत स्टीलचा गोळा बसवतात. टेबल फिरवत, कलवत माप घेणाऱ्या प्रोबची सुई त्याला ठिकठिकाणी टेकवतात. हे माप सकाळीच घेतलं होतं. कोणी? अंकलनी. दादा खरा ठरणार की काय?

"अंकल, गोळा कुठाय?"

ते हलले नाहीत. मी त्यांच्या डाव्या बाजूला उभी होते. ओरडून विचारलं, तेव्हा अख्खे वळले आणि त्यांनी पेटी पुढे केली.

उघडली. गोळ्यावर हळदकुंकवाचा टिळा. अंगठ्याने दाबून लावलेला, वाळून पापुद्रा धरलेला.

खंडेनवमीची हत्यारांची पूजा आमच्याकडे दादा करतो. मशीनला, पान्यांना, मापाच्या साधनांना, सगळ्यांना स्वतःच्या हाताने टिळे. ते पुसायचे नाहीत, आपोआप जाऊ द्यायचे, हा त्याचा दंडक. एका वर्षी एका हेल्परने फडकं मारलं, तर दादाने त्याला लाथ घालून गाळ्याबाहेर काढलं होतं.

"दिसलं होतं तुम्हाला?"

"दिसलं ना. फडकं पण घेतलेलं हातात." अंकल कान दाबत म्हणाले. "पण तुमच्या देवाचं ते. मी ख्रिस्ती माणूस, मी कसा पुसू? आणि तुझा दादा... म्हणून मीच गोळा फिरवून टिळा मागे केला. वाटलं, सुई तिथे पोचणार नाही."

टेबल सरळ होतं तोवर नाहीच पोचली. टेबल कललं तसा टिळा वर आला, बरोबर सुईखाली, आणि मशीनने कुंकवासकट गोळा मोजला. तेवढाच तो बिंदू सरकला.

मी केबिनमध्ये जाऊन पेटी दादापुढे आपटली. "चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस! बघ. अंगठा कोणाचा आहे ते ओळख." टिळ्यावर अंगठ्याच्या रेषा उमटलेल्या होत्या. दादा बघत बसला. मग त्याने शर्टाच्या टोकाने ते कुंकू स्वतः पुसलं.

अंकलनी माप पुन्हा घेतलं. ठोकळा बांधला, टेबल कललं, चर चोख निघाला. अंकलनी मशीन थांबवलं आणि पुढचा जॉब बांधायला घेतला.

तेवढ्यात दादा बाहेर आला. त्याच्या दंडावर माझे दात काळेनिळे उठले होते. तो अंकलच्या शेजारी जाऊन उभा राहिला. मग मी माझ्या भावाच्या तोंडून जन्मात न ऐकलेलं ऐकलं. जमिनीकडे बघत, पुटपुटत का होईना, पण म्हणाला, "अंकल, चुकलं माझं. माफ करा."

अंकल बोल्ट आवळत राहिले. मान वळली नाही की हात थांबला नाही. दादाचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला. त्याला वाटलं, म्हातारा माज दाखवतोय. त्याची मूठ वळताना मला दिसली.

"अरे उजवीकडून बोल!" मी किंचाळले. "डावा कान फोडलायस तू!"

दादाची मूठ तशीच राहिली. माझ्या ओरडण्याने अंकल दचकले. पाना टाकून त्यांनी आधी लाल बटणावर हात मारला आणि मग माझ्याकडे बघितलं.

"काय झालं, बाय?" त्यांनी विचारलं. "आवाज बदलला काय?"

मशीन बंदच होतं.