कमलताईची गोळी आणि माझं चाटण

नागपूर सुटलं की कापूस मागे पडत जातो आणि धानाची शेतं सुरू होतात. डोंगरगडची टेकडी खिडकीतून गेली म्हणजे रायपूर आता फार लांब नाही, असा माझा अंदाज. यंदा मात्र मी फिरायला निघाले नव्हते. माझी थोरली बहीण कमलताई अंगणात पडली, खांद्याचं हाड मोडलं, आणि दुखण्यानं तिचा डोळ्याला डोळा लागत नाही, असं तिच्या सुनेनं कळवलं होतं.

स्टेशनबाहेर ऑटोवाल्याला विचारलं, "चौबे कॉलोनी?"

"हव (हो), बैठो अम्मा," म्हणाला, आणि मी नीट टेकायच्या आत निघालासुद्धा.

घरी सुनेनं, ज्योतीनं, गरम फरे (तांदळाच्या पिठाचे उकडलेले मुटके) समोर ठेवले. मी पोटभर खाल्ले. ताईनं तोंड फिरवलं. तिच्या उशाशी दुखण्याच्या गोळ्यांचं पाकीट तसंच भरलेलं.

"काहून घेत नाहीस गं?"

"गळ्यात अडकते. मागं अडकली तं जीव घाबरा झाला. मले नाही गिळवत."

आता आमच्या माहेरची रीत अशी, की औषध कोणतंही असो, खलात कुटायचं, मधात कालवायचं आणि बोटानं चाटवायचं. मी ताईच्या देखत खल घेतला, गोळी टाकली, बत्ता उचलला.

"मौसीजी, रुकिए!" ज्योती धावत आली. "पहले डॉक्टर से पूछ लेते हैं."

"अगं, विष थोडंच कुटून राहिली मी?"

तिनं खलच उचलून नेला. पोट्टी माझ्याहून हट्टी.

संध्याकाळी शंकर नगरच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर मराठी निघाले. त्यांनी पाकीट उलटून पाहिलं. "आजी, ही गोळी दिवसभर हळूहळू विरघळावी अशी बनवलेली असते. कुटली, चावली, तर दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. गुंगी येते, श्वाससुद्धा मंदावतो."

ताई म्हणाली, "घ्या! नागपुराहून मले मारायले आली ही!"

डॉक्टरांनी तिला विचारलं, "नुसती गोळीच अडकते, की पोळीपण?"

"पोळीबी, कधी कधी."

मग त्यांनी घशाची तपासणी लिहून दिली. गोळी बंद, तिच्याऐवजी पातळ औषध. बसून घ्यायचं, बाटलीसोबतच्या मापानंच, घरातल्या चमच्यानं नाही. आणि डोकं दुखलं म्हणून वरून दुसरी गोळी घ्यायची नाही. काही गोळ्या कुटलेल्या चालतात म्हणे, पण कोणत्या, ते आधी विचारायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पंडरीच्या कापडबाजारात जायला तयार होऊन आले, तर ताई झोपलेली. औषधाची गुंगी तर नाही ना, म्हणून ज्योतीनं हाक मारून पाहिलं. ताईनं एक डोळा उघडला, "काहून उठवता गं?" म्हणून डाफरली आणि पुन्हा झोपली. मी तिला बघत बसले, बाजार राहिला.

परतीच्या गाडीत शेजारच्या बाईंनी विचारलं, रायपुरात काय काय पाहिलंत? म्हटलं, बहीण झोपलेली पाहिली. त्या हसल्या. मी खिडकीकडे वळले. माझं चाटण घेतलं असतं तरी ताई झोपलीच असती, आणि औषध लागू पडलं म्हणून मी तिच्या उशाशी खुशाल बसून राहिले असते.