डाव्या कानाशी

फोन आला तेव्हा मी कोर्टवर फक्की मारत होतो. आमच्या कोर्टवरचा रंग उन्हानं कधीचाच उडून गेलाय, त्यामुळं सरावाआधी रेघा माराव्याच लागतात. फ्री थ्रोची रेघ जरा तिरकी गेली म्हणून मी स्वतःवरच चिडलेलो, तेवढ्यात शेजुळ सरांच्या मुलाचा फोन. तो एवढंच म्हणाला, "काका, बाबा गेले." आणि मी म्हणालो, "बरं." माणूस गेल्याच्या निरोपावर कोणी "बरं" म्हणतं का... पण तोंडातून तेवढंच निघालं. फोन खिशात टाकला, तिरकी रेघ पायानं पुसली, पुन्हा सरळ मारली, आणि मग मधल्या गोलात खाली बसून राहिलो. शिपाई लांबून बघत होता. त्याला वाटलं मला ऊन लागलं, म्हणून तो पाणी घेऊन आला. मी ते पाणी प्यालोसुद्धा.

ज्यांना शेजुळ सर माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. भोकरदनकडच्या आमच्या छोट्या कॉलेजात ते शारीरिक शिक्षणाचे संचालक होते, आणि आमची मुलांची बास्केटबॉल टीम ही त्यांची. विद्यापीठाच्या स्पर्धेत शहरातली मोठी कॉलेजं, ज्यांना डोक्यावर छप्पर आणि पायाखाली लाकडी कोर्ट, ती आमचं नाव ड्रॉमध्ये दिसलं की तोंड वाकडं करायची. आमच्याकडं होतं काय? कापसाच्या रानातून आलेली पोरं, भेगा पडलेलं सिमेंट, आणि बेंचवर आम्ही दोघं. पेपरात फोटो यायचा तेव्हा खाली 'प्रशिक्षक व सहप्रशिक्षक' असं छापायचे. ते सह म्हणजे मी. नोकरीनं मात्र मी ग्रंथालयातला माणूस. जिथं 'शांतता राखा' असा बोर्ड लावलेला असतो, तिथं मी, आणि माझा आवाज हा असा.

आवाजाचं कारण घरातलं आहे. आम्ही जालन्यात मस्तगडचे, वडिलांचं भांड्यांचं दुकान. दिवसभर पातेली आणि परातींचा खणखणाट, त्यात गिऱ्हाईकाशी बोलायचं म्हणजे वरच्या पट्टीतच बोलावं लागायचं. घरातही आम्ही सगळे तसेच बोलतो, पाहुण्यांना वाटतं भांडण चाललंय. कॉलेजात लागलो तेव्हा प्राचार्यांनी दोनदा बोलावून समज दिली. एक दिवस काउंटरवरून मी एका पोराला असा झापला, की खिडकीबाहेर कोर्टवर सराव करणारी पोरं जागच्या जागी थांबली. मागोमाग शेजुळ सर आत आले. वाटलं, हेही आता समज देणार. ते माझ्याजवळ आले आणि जवळजवळ कुजबुजत म्हणाले, "दत्ता, हा आवाज इथं वाया चाललाय. संध्याकाळी ग्राउंडवर ये."

सरांना मोठ्यानं बोलताच यायचं नाही. घशाचा आजार वगैरे काही नव्हता, स्वभावच तसा. आवाज चढवला की मला विचार करता येत नाही, म्हणायचे. शिवाय त्यांचा एक हट्ट होता, की सामना चालू असताना पोरांच्या कानात बेंचवरून एकच आवाज गेला पाहिजे. दोन माणसं दोन गोष्टी ओरडली की पोरगं मधेच अडकतं. त्यामुळं आमची पद्धत ठरून गेली. सर माझ्या डाव्या बाजूला बसणार, हाताची घडी, नजर कोर्टवर, ओठ जेमतेम हलणार. त्यांनी माझ्या डाव्या कानात सांगायचं आणि मी ते कोर्टवर पोचवायचं. "त्येंचा उंच पोरगा डाव्या हातानं खेळून राह्यला, तिकडून बंद करा म्हण." की मी गरजलो, "डावीकडून बंद कर रे!" टाइम-आउटमध्येही तेच. पोरं गोल करून उभी, सर माझ्या कानाशी, आणि बोलणार मी. शिव्याही त्यांच्याच असायच्या, बरं का. कोणाला किती झापायचं हे तेच ठरवायचे, मी फक्त झापायचो. समोरच्या टीमवाल्यांना वाटायचं मुख्य प्रशिक्षक मी, आणि शेजारचे शांत गृहस्थ म्हणजे कोणी पाहुणे. आमची पोरं मला मागून 'भोंगा' म्हणायची. मला माहीत होतं. राग यायचा, पण खोटंही नव्हतं.

आणि सवय कशी लागते बघा. परभणीच्या एका सामन्यात रेफ्रीनं आमच्या विरुद्ध लागोपाठ शिट्ट्या मारल्या. सर स्वतःशीच पुटपुटले, "झोपला का काय हा?" आता ते काही पुढं पाठवायचं नव्हतं. पण डाव्या कानात गेलं की तोंडातून बाहेर, एवढंच माझ्या डोक्याला ठाऊक. मी उभा राहून सगळ्या ग्राउंडला ऐकू जाईल असं ओरडलो, "झोपला का काय हा!" टेक्निकल फाउल बसला. मी खाली बसलो, सरांकडं बघायची हिंमत होईना. बघितलं तर त्यांचे खांदे हलत होते. आवाज न करता माणूस इतका हसू शकतो हे मी तेव्हाच पाहिलं. मग खिशातून त्यांची ती स्टीलची छोटी डबी काढली, ज्येष्ठमधाचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "सगळंच सांगायचं न्हाई रे बाबा."

ती डबी कायम त्यांच्या शर्टाच्या खिशात असायची. सामना संपेपर्यंत माझा घसा पार बसलेला असायचा. एसटीत शेजारी बसल्यावर ते पहिलं विचारायचे, "घसा कसाय?" जिंकलो काय, हरलो काय, पहिला प्रश्न हाच. मी हातानंच खूण करायचो, गेला. मग डबी उघडायची, मी तुकडा चघळत बसायचो आणि ते सामना सुरुवातीपासून पुन्हा सांगायचे. मला बोलता यायचं नाही, त्यामुळं मधे मी काही म्हणायचा प्रश्नच नव्हता. आम्हा दोघांची मैत्री अशी, की त्यात एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं मान हलवायची. आज कोणी विचारलं, इतक्या वर्षांत तू त्यांना स्वतःचं काय सांगितलंस, तर मला पटकन काही आठवत नाही.

ते त्यांनाही कळलं असावं. पोटाच्या आजारात सरांना दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा मी भेटायला गेल्तो. खिडकीजवळ खाट टाकली होती, अंगावर चादर, हात काटकीसारखे झालेले. मला बघून बोट हलवलं, जवळ ये. मी सवयीनं वाकून डावा कान पुढं केला. सर म्हणाले, "न्हाई. आज तू बोल, मी ऐकतो." मी म्हणालो, काय बोलू? तर म्हणाले, पोरांचं सांग, कोण कसा खेळून राह्यला. मी सुरू केलं, पण प्रत्येक वाक्य आपलं 'तुम्ही म्हणता तसं' असंच निघायला लागलं. तुम्ही म्हणता तसं सोहेल आता घाई करत नाही, तुम्ही म्हणता तसं डिफेन्स कच्चा आहे... त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं दमले. थोड्या वेळानं म्हणाले, "माझं मला माहीत आहे. तुझं सांग. तुला काय दिसतं?" आणि खरं सांगतो, मला काही सुचेना. मी म्हणालो, सर, गाडीची वेळ होत आली, पुढच्या आठवड्यात निवांत येतो. ते हसले. म्हणाले, "बरं. ये मंग."

पुढचा आठवडा आलाच नाही.

कॉलेजच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. जुनी पोरं लांबून लांबून आली होती, आता पोरं तरी कशी म्हणायची, कोणी तलाठी, कोणी शिक्षक, एकाचं अंबडला मेडिकलचं दुकान. एकेक जण उठून बोलला. एक जण म्हणाला, शेजुळ सरांनी आयुष्यात कधी आमच्यावर आवाज चढवला नाही, ते खातं दत्ता सरांकडं होतं. सगळे हसले. मीही हसलो. मग वाटलं, इतकी वर्षं त्यांचे शब्द मी ओरडलो, आणि आता शब्द त्यांच्याबरोबर गेले आणि माझ्याकडं उरलं नुसतं ओरडणं. मला बोलायला बोलावलं तेव्हा मी खुर्चीतूनच हात जोडले. घरी येताना बायकोनं विचारलं, सगळे बोलले, तुम्हीच कसे गप्प बसलात? तिला काय सांगणार... मला सांगणारं माणूसच गेलं होतं.

तेराव्याला वहिनींनी मला आत बोलावलं आणि ती डबी हातात दिली. मी म्हणालो, राहू द्या वहिनी, सरांची आठवण आहे. त्या म्हणाल्या, "भाऊजी, ती तुमचीच हाय. त्येंनी एक तुकडा कधी तोंडात घातला न्हाई. सामन्याच्या आदल्या दिवशी अडकित्ता घेऊन बसायचे, दत्ताचा घसा बसंल म्हणायचे." डबीत तुकडे होते, सगळे सारख्या आकाराचे. मी ती खिशात घातली आणि चप्पल शोधायच्या निमित्तानं अंगणात बराच वेळ वाकून उभा राहिलो.

प्राचार्यांनी विचारलं, टीम तुम्ही सांभाळता का, नाहीतर या वर्षी पाठवायला नको. मी हो म्हणालो. नाही म्हणालो असतो तर पोरांचं वर्ष गेलं असतं, आणि सोहेल, आमचा कॅप्टन, याचं तर शेवटचंच वर्ष. सराव कसाबसा निभावला, सरांनी लावून दिलेला क्रमच चालू ठेवला. मला भीती होती ती सामन्याची.

सामना संभाजीनगरला होता. मी बेंचवर बसलो आणि बसल्यावर लक्षात आलं, डावीकडची खुर्ची मी मोकळी सोडलीय. बदली खेळाडूही तिथं बसेनात. सुरुवातीपासून आम्ही मागं पडलो. मी ओरडत होतो, नाही असं नाही, पण नुसतं "चला, चला," "अरे धावा," असलं. गल्लीतलं कोणीही ओरडेल तसलं. शेवटी टाइम-आउट मागितला. पोरं पळत आली, घामानं निथळत, गोल करून उभी राहिली, माझ्या तोंडाकडं बघत. आणि मी... मी डावीकडं झुकलो. कान पुढं करून. मुद्दाम नाही, अंगाला सवयच ती. डोकं कलतं करून मी वाट बघत राहिलो, आणि तिथं कोणी नाही हे मला कळेपर्यंत मिनिटातला बराचसा वेळ गेला होता. तोंड लपवायला जागा नव्हती. माझे डोळे भरून आले, पोरांसमोर. वाटलं, आता हसतील. एकही पोरगं हसलं नाही. सोहेल हळूच म्हणाला, "ऐका सर तुम्ही. आम्ही थांबतो."

म्हणजे पोरांना सगळं माहीत होतं. मी नुसता भोंगा नव्हतो त्यांच्या लेखी, मी ऐकणारा माणूस होतो. ती थांबली होती, आणि माझ्या डाव्या कानाशी काहीसुद्धा नव्हतं. कोणी म्हणेल सरांचा आवाज ऐकू आला असेल. अजिबात नाही. नुसता पंख्याचा आवाज. मग सरांचा तो प्रश्न आठवला. तुला काय दिसतं? मी मान सरळ केली, कोर्टपलीकडं समोरच्या टीमच्या पोरांकडं बघितलं. त्यांचा पाच नंबर पाणी न पिता गुडघ्यावर हात टेकून उभा होता, उजवा पाय सारखा उचलून ठेवत होता. मी म्हणालो, "त्यांच्या पाच नंबरचा पाय दुखतोय. त्याच्या उजवीकडून जा." आवाज निघाला तो इतका हळू, की पोरांना पुढं वाकावं लागलं. शिट्टी झाली. सोहेलनं कोर्टवर जाता जाता बाकीच्यांना ओरडून सांगितलं, उजवीकडून, उजवीकडून. त्यानंतर सामना संपेपर्यंत मी बसून बघत राहिलो. जे दिसलं ते शेजारच्या पोराला सांगितलं, त्यानं ते पुढं सांगितलं.

सामना आम्ही हरलो. थोडक्यात, पण हरलोच. सोहेल रडला. मग तोंड धुऊन आला आणि त्यानं विचारलं, सर, उद्या सराव नेहमीच्या वेळेला ना? आता त्याच्यासाठी स्पर्धा संपली होती, तरी विचारलं. मी हो म्हणालो.

एसटीत पोरं मागं बसली. मी पुढं, खिडकी सोडून आतल्या सीटवर, कारण खिडकी सरांची. गाडी फुलंब्रीच्या पुढं आल्यावर सवयीनं खिशात हात गेला, डबी लागली. काढली, हातात धरली. मग कळलं, घसा दुखतच नाहीये. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सामना संपल्यावर माझा आवाज साफ होता. आता मला बोलता आलं असतं, तुम्ही म्हणता तसं न म्हणता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, पाच नंबरच्या पायासकट. मी डबी न उघडता परत खिशात ठेवली. "बराय सर," मी म्हणालो, "घसा बराय." शेजारच्या सीटवर बॉलची जाळी होती, वळणावर ती घसरायला लागली, तेव्हा मी हात लावून धरून ठेवली.